शाळेच्या फाटकाबाहेरचा रंग: मुलांच्या पोटात खाद्यरंग किती जातो याचा अंदाज कसा काढला

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातले आहे. गाव, शाळा, महाविद्यालय आणि विक्रेते यांची ओळख वगळली आहे. गणित डोळ्यांपुढे नीट उभे राहावे म्हणून आकडे गोल केले आहेत. खाद्यरंगांचे सेवन मोजायला निघालेल्या पोषण, अन्नतंत्र किंवा गृहविज्ञानाच्या गटाला नेमके कुठे थांबून विचार करावा लागतो, ते दाखवण्यासाठी ही मांडणी केली आहे.

पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तमिळनाडूत म्हातारीच्या केसांवर बंदी आली, कारण त्यांत ऱ्होडामिन-बी हा कापडाचा रंग सापडला होता. मार्चमध्ये कर्नाटकाने गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर आणि रंगीत म्हातारीच्या केसांवर बंदी घातली. या बातम्या व्हॉट्सअॅपवर फिरल्या आणि गावातल्या पहिली ते सातवीच्या शाळेत पालकसभा तापली. फाटकाबाहेर बर्फाच्या गोळ्याच्या तीन गाड्या, चायनीज भेळेची एक गाडी, पिवळ्या नळ्या आणि चिंचगोळ्या विकणारी एक टपरी असा नेहमीचा थाट. सगळे उठवा, अशी मागणी झाली.

मुख्याध्यापिकांनी लगेच निर्णय न देता जवळच्या महाविद्यालयाच्या अन्न व पोषण विभागाला विचारणा केली: मुलांच्या पोटात रंग जातो किती, आणि तो मर्यादेबाहेर आहे का? उत्तर मे महिन्याची सुट्टी लागण्याआधी हवे होते. पैसे मोजक्याच नमुन्यांच्या तपासणीपुरते होते. कामाचे पुढचे सगळे वळण या दोन अटींनी ठरवले.

अडचण

‘रंग किती जातो’ हा एक प्रश्न वाटतो, पण मोजायला बसले की त्याचे तुकडे पडतात. भारतात खाण्यात आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे: टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पॉन्सो ४आर, एरिथ्रोसिन, इंडिगो कार्माइन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन. प्रत्येकाची रोजची स्वीकार्य मात्रा वेगळी. जन्मभर रोज खाल्ले तरी अपाय होणार नाही असे मानले जाते ती मात्रा, शरीराच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने, म्हणजे जेक्फाने, टार्ट्राझिनसाठी ती १० ठरवली आहे, सनसेट यलो आणि कार्मोइसिनसाठी ४, ब्रिलियंट ब्लूसाठी ६. एरिथ्रोसिनसाठी मात्र फक्त ०.१. सगळ्या रंगांची बेरीज करून एक आकडा सांगितला, तर तो कशाशीच ताडून पाहता येत नाही.

पालकांना मात्र तोच एक आकडा हवा होता. त्यामागची भीती निराधार नव्हती. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या प्रयोगात काही रंगांची मिश्रणे सोडियम बेन्झोएट या परिरक्षकासह दिल्यावर मुलांच्या चंचलतेत वाढ दिसली होती, आणि जुलै २०१० पासून युरोपीय संघात असे सहा रंग असलेल्या पदार्थांच्या पाकिटांवर इशारा छापावा लागतो. या सहांपैकी टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो ४आर हे चार आपल्याकडे चालतात. तरीही स्वीकार्य मात्रा रंगागणिकच ठरलेल्या आहेत, म्हणून हिशेबही रंगागणिकच करायचा, हे गटाने पहिल्याच बैठकीत नक्की केले.

दुसरा तुकडा परवानगी नसलेल्या रंगांचा. ऱ्होडामिन-बी किंवा मेटॅनिल यलो यांना स्वीकार्य मात्राच नाही. तिथे ‘किती’ला अर्थ उरत नाही, सापडला की तो गुन्हा. म्हणून म्हातारीचे केस सेवनाच्या हिशेबातून बाहेर काढून वेगळ्या वाटेने नेले. हे आधीच केले नसते, तर दोन्ही कामे एकमेकांत अडकली असती.

पहिला ढोबळ हिशेब

एकही नमुना न घेता कागदावर करता येणारा एक हिशेब असतो. माणूस दिवसाला दर किलो वजनामागे जास्तीत जास्त १०० मिलिलिटर पेय आणि ५० ग्रॅम घन अन्न घेईल, असे त्यात धरतात. मुलांसाठी यातला पाव हिस्सा रंगीत धरायचा आणि रंग कायद्याच्या कमाल मर्यादेइतका आहे असे मानायचे. आपल्याकडे ती मर्यादा बहुतेक पदार्थांत १०० पीपीएम, म्हणजे किलोला १०० मिलिग्रॅम.

वीस किलोच्या मुलासाठी हे अर्धा लिटर रंगीत पेय आणि पाव किलो रंगीत खाणे झाले. पेयातून ५० मिलिग्रॅम, खाण्यातून २५, एकूण ७५. वजनाने भागले की ३.७५ मिलिग्रॅम दर किलो. हा सगळा रंग टार्ट्राझिन असेल तर स्वीकार्य मात्रेच्या ३८ टक्के. सनसेट यलो किंवा कार्मोइसिन असेल तर ९४ टक्के. एरिथ्रोसिन असेल तर ३७ पटींहून अधिक.

ही चाळणी मुद्दाम अतिशयोक्त असते. तिच्यातून जो रंग सुखरूप निसटतो त्याच्यामागे पैसे घालवायचे नाहीत, अडकतो त्याकडे बघायचे, असा तिचा उपयोग. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या होत्या. एक, चाळणी कायद्याची मर्यादा पाळली जाते असे गृहीत धरते, आणि गाडीवर रंग तोलून घातला जात नाही. त्यामुळे टार्ट्राझिनला लगेच मोकळे सोडता येत नव्हते. दुसरी गोष्ट एरिथ्रोसिनची. एवढा मोठा इशारा कागदावर आला होता, पण गोळ्यात एरिथ्रोसिन क्वचितच असते या विचाराने तो तेव्हा मागे पडला. या निर्णयाकडे पुढे परत यावे लागते.

कोणते पर्याय तपासले

गावात रंगाची किती पाकिटे विकली जातात ते दुकानांतून काढायचे आणि लोकसंख्येने भागायचे, हा सर्वांत स्वस्त मार्ग. देशपातळीवर तो चालतो. तालुक्याच्या गावात नाही, कारण तिथली पाकिटे आसपासच्या खेड्यांतले हलवाई आणि लग्नाचे आचारीही नेतात. शिवाय रंग खाणारे मूल आणि न खाणारे आजोबा यांची सरासरी निघते.

लघवीतून मोजण्याची सूचनाही आली. टार्ट्राझिन, सनसेट यलो यांसारखे अझो गटातले (नायट्रोजनच्या दुहेरी बंधाने जोडलेले) रंग आतड्यातले जिवाणू बरेचसे फोडून टाकतात, अखंड रंग फारच थोडा शोषला जातो. फुटून तयार होणारे सल्फॅनिलिक आम्ल टार्ट्राझिनपासूनही येते आणि सनसेट यलोपासूनही, म्हणजे कोणत्या रंगाचे ते सांगता येत नाही. मुलांचे नमुने घ्यायला लागणाऱ्या परवानग्या निराळ्याच. हा पर्याय तिथेच संपला.

महिनाभरात काय काय खाल्ले, याची लांबलचक प्रश्नावली तयार होती. तिच्यावर बराच खल झाला. मोठ्या माणसांत ती ठीक चालते, पण आठ-नऊ वर्षांखालच्या मुलाला ‘महिन्यातून किती वेळा’ हे सांगता येत नाही, आणि आईला डब्याचे ठाऊक असते, फाटकाबाहेरचे नाही.

शेवटी तीन गोष्टी एकत्र करायचे ठरले: मागच्या चोवीस तासांत काय खाल्ले याची विचारणा, गाड्यांवर उभे राहून विक्रीचे निरीक्षण, आणि मोजक्या पदार्थांची प्रयोगशाळेत तपासणी.

प्रत्यक्ष काम: कोण काय खातो

विचारणा प्रत्येक मुलाची दोन वेळा झाली. एक शाळेच्या दिवसाची, दुसरी आठवडी बाजाराच्या दिवसाची. मूळ आराखड्यात फक्त शाळेचे दिवस होते. बाजाराच्या दिवशी जिलेबी, भेळ आणि गोळा हे तिन्ही एकाच संध्याकाळी होते, हे एका शिक्षिकेने लक्षात आणून दिले, तेव्हा आराखडा बदलला. जास्तीत जास्त सेवन शोधायचे असेल, तर गावाच्या खाण्याचा दिवस कोणता हे गावाला विचारलेच पाहिजे.

‘रंगीत काही खाल्ले का’ असे विचारले की मुले नाही म्हणतात, कारण प्रश्नातच दटावणी ऐकू येते. म्हणून पदार्थांचे फोटो चिकटवलेली पुठ्ठ्याची कार्डे केली आणि मुलांनी ती उचलायची असे ठरवले. डब्यातले आणि घरातले आईकडून वेगळे विचारले. दोन्हींचा ताळा पैशांनी घेतला: दहा रुपये मिळाले, पाचचा गोळा घेतला, मग उरलेल्या पाचचे काय? या एका प्रश्नाने विसरलेल्या कितीतरी गोळ्या, नळ्या आणि वाटून खाल्लेली भेळ बाहेर आली. प्रत्येक मुलाचे वजन शाळेच्या काट्यावर केले. पहिलीतली मुले १८-२० किलोची आणि सातवीतली ३५ च्या पुढची असताना सगळ्यांना एक सरासरी वजन लावणे म्हणजे सर्वांत लहान मुलांचा धोका कमी दाखवणे.

किती खातो: गोळ्याचे गणित

सर्वांत जास्त श्रम इथे पडले, आणि ते योग्यच होते. गोळा तोलून काही कळत नाही, कारण त्यातला बहुतेक भाग बर्फ असतो आणि तो हातात येईपर्यंत वितळायला लागलेला असतो. मोजायचे ते सरबत, म्हणजे गाडीवरच्या बाटलीतला रंगीत पाक. बाटली आधी तोलायची, ठरावीक गोळे झाले की पुन्हा तोलायची, फरकाला गोळ्यांच्या संख्येने भागायचे. एका गोळ्याला सुमारे ५५ ग्रॅम पाक पडत होता.

इथे एक सापळा आहे. साखरेच्या दाट पाकाची घनता १.२ च्या आसपास असते, म्हणून ५५ ग्रॅम म्हणजे ४५ मिलिलिटर. प्रयोगशाळेचा आकडा लिटरमागे मिलिग्रॅममध्ये येतो. ग्रॅम आणि मिलिलिटर एकच धरले, तर उत्तर वीस टक्क्यांहून जास्त फुगते. गाडीवाला साखरेऐवजी सॅकरिन वापरत असेल, तर पाक पाण्यासारखाच हलका असतो आणि ही दुरुस्ती लागत नाही. त्यामुळे घनता प्रत्येक गाडीची वेगळी मोजावी लागली.

मग फुकटची भर. गोळा चोखून पांढरा पडला की मूल परत येते, “काका, अजून रंग टाका ना!” आणि काका टाकतात. अशी भर घेणाऱ्या मुलाच्या पोटात ४५ ऐवजी ७० मिलिलिटर पाक जात होता. ही गोष्ट कुठल्याही प्रश्नावलीत आली नसती. ती गाडीशेजारी उभे राहूनच दिसते.

रंगाची मात्रा कुठून ठरते

तिन्ही गाड्यांवरचा नारिंगी पाक तपासायला गेला. प्रयोगशाळेने खर्च वाचवण्यासाठी तिन्ही नमुने एकत्र करून एकच तपासणी करण्याचा पर्याय सुचवला. सरासरी सेवन काढताना ही रीत सर्रास वापरतात. गटाने नमुने वेगळे ठेवले, कारण मुले गाडी बदलत नाहीत. ज्या गाडीवर उधारी चालते किंवा वर्गातले सगळे जातात, तिथेच रोज जातात.

निर्णय सार्थ ठरला. दोन गाड्यांच्या पाकात सनसेट यलो लिटरला १८० आणि २०० मिलिग्रॅम निघाले, तिसऱ्यात ४२५. एकत्र तपासणी केली असती तर २६८ हा आकडा आला असता, जो कोणत्याच गाडीचा नव्हता.

तिसऱ्या गाडीवर दुपटीहून जास्त का? पाक करताना बघितल्यावर उलगडा झाला. तिघांची कृती जवळपास तीच: सुमारे आठ लिटर पाक आणि त्यात चहाचा एक चमचा रंगाची पूड, म्हणजे अंदाजे ४ ग्रॅम. फरक पुडीत होता. किराणा दुकानातल्या छोट्या पाकिटात मीठ वगैरे मिसळलेले असते आणि प्रत्यक्ष रंग ४० टक्के. ४ ग्रॅममध्ये १.६ ग्रॅम रंग, आठ लिटरला भागले की लिटरला २०० मिलिग्रॅम. तिसरा गाडीवाला बेकरीच्या मालाच्या दुकानातून ८५ टक्के रंगाचा डबा आणत होता, कारण तो ‘जास्त पुरतो’. चमचा मात्र तोच. ३.४ ग्रॅम भागिले आठ, बरोबर ४२५. पाकिटावर रंगाचे प्रमाण छापलेले असते, पण ते कुणी वाचत नाही. तपासणीचा आकडा आणि चमच्याचा हिशेब असे एकमेकांशी जुळले, की दोन्हींवर भरवसा ठेवता येतो.

तपासणीबद्दल थोडे तांत्रिक. पांढरी लोकर आम्लयुक्त द्रावणात उकळून तिच्यावर रंग चढवणे, अमोनियाने तो उतरवणे आणि कागदी वर्णलेखनाने (पेपर क्रोमॅटोग्राफीने) कोणता रंग आहे ते ओळखणे ही जुनी रीत अजूनही उपयोगी आहे. मात्रा मोजायला प्रकाशशोषण: रंग ज्या तरंगलांबीचा प्रकाश सर्वाधिक शोषतो तिथे किती शोषला गेला ते यंत्राने बघायचे. सनसेट यलो ४८२ नॅनोमीटरला, टार्ट्राझिन ४२७ ला, कार्मोइसिन ५१६ ला. लिटरला १० मिलिग्रॅम टार्ट्राझिनचे शोषण सुमारे ०.५३ येते. यावरून ४२५ चा पाक थेट यंत्रात घालता येत नाही, चाळीस-पन्नास पट पातळ करावा लागतो, हे आधीच कळते. कालाखट्ट्यात कार्मोइसिन आणि ब्रिलियंट ब्लू एकत्र होते, खसमध्ये टार्ट्राझिन आणि ब्रिलियंट ब्लू. असे मिश्र रंग आधी वेगळे करूनच मोजावे लागतात.

पिवळ्या नळ्यांनी वेगळाच त्रास दिला. तेलाने आणि पिठाने रंग धरून ठेवलेला असतो. तेल आधी पेट्रोलियम ईथरने काढून टाकायचे, मग अमोनिया घातलेल्या अल्कोहोलने रंग ओढायचा. किती रंग सुटून आला हे कळण्यासाठी बिनरंगी नळ्यांच्या भुकटीत माहीत असलेली मात्रा मिसळून ती परत मिळते का ते बघावे लागते. ही पायरी गाळली, तर आकडा कमी येतो आणि सगळे खूश होतात.

आकडे काय सांगतात

नळ्यांत टार्ट्राझिन किलोला ९० मिलिग्रॅम निघाले. २० ग्रॅमच्या पुडीत १.८ मिलिग्रॅम, वीस किलोच्या मुलाला स्वीकार्य मात्रेच्या एक टक्क्याहूनही कमी. रोज चार पुड्या खाल्ल्या तरी रंगाची काळजी नको. तेल-मिठाची काळजी वेगळी.

गोळ्याचे चित्र मूल आणि गाडी यांवर अवलंबून होते. कमी रंगाच्या गाडीवरचा एक गोळा म्हणजे ८ मिलिग्रॅम, वीस किलोच्या मुलाला स्वीकार्य मात्रेच्या, म्हणजे दिवसाला ८० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या, १० टक्के. तिसऱ्या गाडीवरचा एक गोळा १९ मिलिग्रॅम, भर घेतली तर ३०. भरीचे दोन गोळे म्हणजे ६०, मर्यादेच्या ७५ टक्के. त्यात बाजारच्या जिलेबीतून आणखी ८ मिलिग्रॅम धरले की ८५ टक्के. वीस किलोचे मूल अजून मर्यादेत आहे. त्याच्याबरोबर आलेल्या १६ किलोच्या धाकट्या भावंडाने तेवढेच खाल्ले, तर मात्र ४.२५, म्हणजे मर्यादेबाहेर. गोळा न खाणाऱ्यांसह सगळ्या मुलांची सरासरी मर्यादेच्या जेमतेम पाच टक्के होती. अहवालात ती एकटी छापली असती, तर कुणाला काही करावेसे वाटले नसते. म्हणून सरासरी फक्त खाणाऱ्यांची आणि सर्वाधिक खाणाऱ्यांचा आकडा वेगळा, असे दोन्ही दिले.

कायदा आणि शरीर यांचे हिशेब इथे फुटतात, तेही नोंदवायला हवे. १०० पीपीएमची मर्यादा प्रत्यक्ष खाल्ल्या-प्यायल्या जाणाऱ्या पदार्थाला लागते. ४२५ चा पाक बाटलीत चौपट जास्त दिसतो, पण १५० ग्रॅम बर्फ धरून तयार गोळ्यात काढला तर सुमारे ९३ पीपीएम, कायद्याच्या मर्यादेच्या आत. मुलाच्या पोटात दोन्ही हिशेबांत तेच १९ मिलिग्रॅम जातात. सेवनाचा अंदाज काढणाऱ्याने पीपीएमवर थांबू नये, मिलिग्रॅमपर्यंत यावे.

आता एरिथ्रोसिन. नमुन्यांची यादी फाटकाबाहेरच्या गाड्यांवरून केलेली होती, त्यामुळे बेकरी तिच्यात नव्हतीच. पण विचारणीत टुटीफ्रुटीचा बन वारंवार येऊ लागला: डब्यात, मधल्या सुट्टीत, वाढदिवसाला. गटातल्या एका सदस्याने पहिल्या ढोबळ हिशेबातली ३७ पट परत समोर ठेवली आणि मंचुरियनचा एक नमुना वगळून बन घ्यावा असा आग्रह धरला. टुटीफ्रुटीच्या लाल तुकड्यांत एरिथ्रोसिन वापरतात, कारण आम्लाच्या सान्निध्यात ते विरघळून आजूबाजूला पसरत नाही, पाव लाल होत नाही. याच गुणामुळे लोकरीच्या आम्लयुक्त पायरीत त्याचा साका बसून ते हातचे निसटू शकते, म्हणून त्याची तपासणी वेगळी सांगावी लागली.

भाजलेल्या बनमधून वेचलेल्या लाल तुकड्यांत किलोला १३० मिलिग्रॅम निघाले. एका बनमध्ये तुकडे किती, हे बेकरीवाल्याच्या हिशेबावरून काढले: एक किलो तुकड्यांत साधारण ६५ बन, म्हणजे दर बनला १५ ग्रॅम. रंग जवळपास २ मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाची दिवसाची एरिथ्रोसिनची सगळी मर्यादाच २ मिलिग्रॅम आहे. एका बनमध्ये ती संपते. १६ किलोच्या मुलाची ओलांडली जाते, आणि त्या दिवशी वर्गात केकचा तुकडा वाटला गेला असेल, तर मोठ्यांचीही.

ज्या गोळ्याने सगळे घाबरले होते, त्याच्या एका कांडीत रंग चार ते दहा पट जास्त होता. तरीही मर्यादेशी ताडल्यावर पालक स्वतः डब्यात घालत होते तो बन पुढे निघाला.

काय केले

गाड्या उठवल्या नाहीत. गाडीवाल्यांना रंग बंद करा असे न सांगता रंगाचे पाणी करायला शिकवले: ४० टक्क्यांच्या पाकिटातली १० ग्रॅम पूड एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवायची. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम रंग येतो. आठ लिटर पाकाला २०० मिलिलिटर, म्हणजे १०० मिलिलिटरच्या खुणेचे दोन ग्लास. पाक लिटरला १०० मिलिग्रॅमवर येतो. हे पाणी रोजच्या रोज करायचे, उरले तर टाकायचे, नाहीतर उन्हात खराब होते. ८५ टक्क्यांचा डबा वापरणाऱ्याला त्याच एक लिटरला पावणेपाच ग्रॅम पूड सांगितली, पण छोटा काटा नसल्याने त्याने किराण्याच्या पाकिटावर यावे हेच सोपे होते.

बेकरीवाल्याचे काम सर्वांत लवकर झाले. टुटीफ्रुटीच्या पिशवीवर रंगाचा आंतरराष्ट्रीय (आयएनएस) क्रमांक असतो. आयएनएस १२७ म्हणजे एरिथ्रोसिन, १२२ म्हणजे कार्मोइसिन. कार्मोइसिनची मर्यादा चाळीस पट मोठी आहे. रंग थोडा पावात उतरतो, ही तक्रार मान्य करून त्याने १२२ चा माल मागवला.

म्हातारीच्या केसांचा एक गुलाबी नमुना अतिनील दिव्याखाली नारिंगी चमकला. ही फक्त प्राथमिक खूण. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला आणि चार भागांत सीलबंद केलेला नमुनाच कारवाईला आधार होतो. ग्राहकालाही नमुना तपासून घेता येतो, पण तो तपासणीसाठी घेत असल्याचे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावे लागते. तसे सांगितलेले नव्हते. अन्न व औषध प्रशासनाला कळवले, तोवर फिरता विक्रेता दुसऱ्या गावच्या जत्रेला गेला होता.

निष्पन्न

दोन गाड्यांवर रंगाचे पाणी रुळले. पुन्हा तपासलेला पाक १०० वर नाही, ११० ते १५० वर आला, कारण रंग फिका वाटला की एक चिमूट वरून पडतेच. तरी एका साध्या गोळ्यातून आता ५ ते ७ मिलिग्रॅम जात होते. ४२५ चा पाक करणाऱ्याने डबा सोडला, पण चमचा सोडला नाही. तो २०० च्या आसपास राहिला, म्हणजे निम्म्याहून खाली. पालकसभेने वर्गात वाढदिवसाला केकऐवजी फळे किंवा चिक्की वाटायचे ठरवले.

काय वेगळे करता आले असते

नमुन्यांची यादी रंग किती भडक दिसतो यावरून न करता स्वीकार्य मात्रा किती लहान आहे यावरून करायला हवी होती. ढोबळ हिशेबाने एरिथ्रोसिनकडे पहिल्याच दिवशी बोट दाखवले होते. बेकरी उशिरा आल्यामुळे एकाच दुकानाचा बन तपासता आला, आणि गावातल्या दुसऱ्या बेकरीबद्दल काहीच सांगता आले नाही.

विचारणा मार्चअखेर झाली. एप्रिलच्या शेवटी ऊन वाढते तेव्हा गोळे वाढतात आणि दुपारी संपत आलेला पाक पाणी घालून वाढवलाही जातो. या दोन्ही गोष्टी उलट दिशांना ओढतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात निदान बाटल्यांची वजने पुन्हा घ्यायला हवी होती. शिवाय दोन दिवसांच्या विचारणीतून आलेला सर्वाधिक खाणाऱ्याचा आकडा वर्षभराच्या सवयीपेक्षा मोठा असतो. स्वीकार्य मात्रा जन्मभराच्या रोजच्या सेवनासाठी आहे आणि गोळा तीन-चार महिन्यांचा. गटाने उन्हाळ्याच्या दिवसाचा आकडा मुख्य ठेवला आणि वर्षाची सरासरी खाली दिली. शाळेसाठी हे योग्यच होते, पण बन बारमाही आहे, त्याला हा मोसमाचा दिलासा लागू नाही, हे अहवालात ठळकपणे यायला हवे होते.

म्हातारीच्या केसांबाबत अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला पहिल्याच आठवड्यात सोबत घेतले असते, तर नमुना कायद्याने टिकला असता.

आणि अहवालात टक्क्यांच्या शेजारी मूळ मिलिग्रॅमचा रकाना ठेवला होता, तो प्रत्येक अशा कामात ठेवावा. सनसेट यलोची मर्यादा जेक्फाने २०११ मध्ये २.५ वरून ४ केली. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ती २००९ मध्ये १ वर आणून २०१४ मध्ये ४ केली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने खाण्यातल्या एरिथ्रोसिनची परवानगीच काढून घेतली. मर्यादा बदलली की टक्के नव्याने काढता येतात. बाटल्यांची वजने, चमच्यातली पूड आणि दर बनचे १५ ग्रॅम पुन्हा मोजायची गरज पडत नाही.